बहात्तरावा अंश

गेल्या दिवाळींत आमच्या अंगणांतला किल्ला पाहावयास एक जुने स्नेही आले होते. बराच वेळ कंबरेवर हात ठेवून न्याहाळल्यावर ते म्हणाले, "मास्तर, किल्ला झकास! पण या दरवाजांतून महाराज आंत शिरणार कसे?" प्रश्न रास्त होता. दरवाजा बोटभर उंच आणि सिंहासनावरचे महाराज चांगले वीतभर. तटावरचा मावळा तर शेजारची तोफ काखोटीस मारून चालूं लागेल एवढा धिप्पाड. तरी महाराष्ट्रांतील मुलांस पिढ्यान्‌पिढ्या यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं, आणि वाटूंहि नये. तेथलें माप भक्तीचें असतें, फूटपट्टीचें नव्हे. परंतु माझा नातू जवळच उभा होता. वय वर्षें तेरा. तो मान खालीं घालून पुटपुटला, "स्केल चुकलंय खरं, आजोबा." स्नेह्यांस तें ऐकूं गेलें नाहीं, मला गेलें, आणि त्या एका शब्दाबरोबर आमच्या घरांत मागल्या सहा महिन्यांत जें घडलें तें सारें आठवलें.

या पानांतून मीं बहुधा व्याकरणाविषयीं लिहितों, आणि 'मास्तर, जरा हलकें कांहीं येऊं द्या' अशी प्रेमाची सूचना वाचकांकडून अधूनमधून होत असते. तेव्हां आज खेळण्यांविषयीं लिहितों. अर्थात् 'खेळणें' हा शब्द माझा नव्हे, आमचे वडील बंधु अण्णा यांचा.

उन्हाळ्याच्या सुटींत नातवाच्या मावशीनें परदेशांतून येतांना त्याच्यासाठीं एक खोकें आणलें. वर ढगांतून झेपावणाऱ्या लढाऊ विमानाचें मोठें आवेशपूर्ण चित्र. सारी मंडळी भोंवतीं जमली. खोकें उघडलें तों आंत विमानाचा पत्ता नाहीं! राखी प्लॅस्टिकच्या तीन-चार चौकटी, त्यांस देंठांनीं लटकलेले पन्नास-साठ तुकडे, त्यांतले कित्येक तांदळाच्या दाण्याएवढे. एक चित्रांचा कागद आणि एक घडीपत्रक. वहिनी म्हणाल्या, "अगबाई, वाटेंतच मोडलं वाटतं!" विमान मोडलेलें नव्हतें, अद्याप व्हावयाचें होतें, हें त्यांस पटवितां पटवितां नातवाची पुरेवाट झाली.

हा छंद पाश्चात्त्य देशांत चांगला रुजलेला आहे. इंग्लंडांत 'फ्रॉग' या नांवानें रबराच्या पिळावर उडणारीं विमानें विकली जात. त्याच कारखान्यानें १९३६ सालीं, नुसतीं पाहावयाचीं, न उडणारीं प्लॅस्टिकचीं विमानें सुट्या भागांत काढलीं आणि त्यांस न उडणाऱ्या पक्ष्याचें 'पेंग्विन' हें नांव मोठ्या औचित्यानें दिलें. त्यांचें माप ठरलें खऱ्याच्या बहात्तरावा अंश. बहात्तरच कां? तर इंग्रजी फूट-इंचांच्या हिशेबांत सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. पुढें महायुद्धांत, १९४२ सालीं, अमेरिकेच्या आरमारानें शाळांतील मुलांस याच मापाचीं पांच लक्ष लांकडी विमानें करून देण्याचें आवाहन केलें. आपलें विमान कोणतें व शत्रूचें कोणतें हें सैनिकांस दुरून ओळखतां यावें, हा हेतु. पस्तीस फुटांवर धरलेली अशी प्रतिकृति म्हणजे सुमारें अर्ध्या मैलावरील खरें विमान! हा गुणाकार वाचला तेव्हां, त्रैराशिक शिकविण्यास इतकें चांगलें उदाहरण आपणांस आयुष्यभर कसें सांपडलें नाहीं, याची मला चुटपुट लागली. युद्धानंतर पॉलिस्टायरीन नांवाचें प्लॅस्टिक स्वस्त झालें. पोलादी सांच्यांत तें तापवून दाबानें भरावयाचें, निवलें कीं चौकट बाहेर. १९५२ सालीं 'एअरफिक्स'नें ड्रेकच्या 'गोल्डन हाइंड' जहाजाचे भाग पिशवींत घालून वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगांस विकावयास मांडले, आणि हा छंद श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतून सामान्यांच्या स्वयंपाकघरांतील मेजावर आला.

मापाचा विचार आम्हां संस्कृतवाल्यांस नवा नाहीं. आपले शिल्पशास्त्रकार मूर्तीच्या मुखाच्या लांबीस 'ताल' म्हणतात, तालाचीं बारा अंगुलें करतात, आणि नवताल मूर्ति एकशें आठ अंगुलांची घडवितात. मूर्ति हाताएवढी असो वा पुरुषभर असो, प्रमाण ढळावयाचें नाहीं. हें मीं नातवास मोठ्या अभिमानानें सांगितलें. त्यावर त्यानें जपानांतील तामिया कारखान्याची गोष्ट ऐकविली. शिझुओका येथील ही मंडळी १९४६ सालीं लांकडाच्या वखारीपासून आरंभ करून पुढें प्लॅस्टिककडे वळली. साठीच्या दशकाच्या आरंभीं त्यांनीं पँथर नांवाचा रणगाडा काढला; आंत मोटर आणि बॅटऱ्या बसल्या पाहिजेत म्हणून तो जेवढा करावा लागला तेवढा केला, आणि मागाहून मोजून पाहिलें तों माप आलें पस्तिसावा अंश! आज जगांतील बहुतेक रणगाडे त्याच मापानें होतात. शास्त्र आधीं कीं रूढि आधीं, हा वाद येथेंहि आहेच. मात्र त्याच लोकांनीं १९७६ सालच्या एका मोटारीच्या प्रतिकृतीसाठीं खरीखुरी पोर्शे मोटार विकत घेऊन ती नटबोल्टांसकट सुटी केली. प्रतिकृति बाराव्या अंशाची. याला मी तरी तपश्चर्याच म्हणेन.

आतां आमच्या विमानाकडे वळतों. तें 'हरिकेन' जातीचें. खऱ्या विमानाचे पंख टोंकापासून टोंकापर्यंत चाळीस फूट. आमचें सुमारें सतरा सेंटिमीटर. तुकडे चौकटीपासून बारीक कातरीनें सोडवावयाचे, देंठाची खूण पॉलिशपेपरनें घांसून नाहींशी करावयाची, मग जोड. हा जोड म्हणजे डिंकानें चिकटविणें नव्हे. येथें जें द्रावक वापरतात तें प्लॅस्टिकलाच विरघळवितें. दोन तुकडे एकमेकांस टेकवून फटीवर कुंचल्याचें टोंक लावलें कीं केशाकर्षणानें थेंब आपोआप आंत धांवतो आणि दोहोंचें एकजीव होतें. वास मात्र उग्र. पहिल्याच संध्याकाळीं वहिनींनीं हा कारखाना देवघराशेजारून हलवून मागल्या ओसरीवर घालविला, आणि तें योग्यच झालें. या कामास मोकळी हवा पाहिजेच.

खरी मौज, आणि खरा जाच, पुढें असतो. बहात्तर पट लहान केलेल्या वस्तूंत प्रत्येक चूक बहात्तर पट मोठी होते. पंखाची मागली कड अर्धा मिलिमीटर जाड राहिली तर खऱ्या विमानांत ती दीड इंच जाड झाली! ओल्या रंगांत डोक्याचा एक केस पडला तर पंखावर करंगळीएवढा दोर पडला म्हणावयाचें. रंगाचें तर आणखी निराळें. खऱ्या विमानाचा हिरवा रंग जशाचा तसा लावला तर प्रतिकृति काळपट दिसते. कारण फूटभर अंतरावरून तिच्याकडे पाहणें म्हणजे खरें विमान बहात्तर फुटांवरून पाहणें, आणि दूरचा रंग हवेनें फिकटतो. म्हणून त्यांत पांढऱ्याचा अंश मिसळावा लागतो. खरें दिसावें म्हणून खऱ्यापासून किंचित् ढळावयाचें! काव्यशास्त्र शिकवितांना ही गोष्ट मुलांच्या गळीं उतरवितांना माझ्या नाकीं नऊ येत. ती या पोरास रंगाच्या बाटलीनें शिकविली.

आमचा पहिला मतभेद वैमानिकाच्या बैठकीवरून झाला. बैठक माझ्या नखाहून लहान. नातवानें तिला कागदी चिकटपट्टीचे सुताएवढे पट्टे करून लावले. समोरच्या काळ्या फळीवर टांचणीच्या टोंकानें एकेका यंत्राची तबकडी रंगविली. तीन संध्याकाळी यांत गेल्या. मीं म्हणालों, "अरे, यावर कांचेचें टोपण बसणार, त्यावर चौकटीच्या पट्ट्या येणार. कोणास दिसणार आहे हें?" तो म्हणाला, "पण आंत आहे ना!" मीं गप्प बसलों, पटलें होतें असें मात्र नाहीं.

दुसऱ्या वादांत सरशी माझी झाली. १९४४ सालीं इंफाळच्या रणधुमाळींत भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वॉड्रन याच जातीचीं विमानें उडवीत होती. तिचे नायक अर्जनसिंग पुढें दलाचे प्रमुख झाले व २००२ सालीं मार्शल पदास पोंचले. आमचें विमान त्या स्क्वॉड्रनचें करावयाचें ठरलें. खोक्यांतील चित्रांच्या कागदावर इंग्रजी पद्धतीचीं वर्तुळें होतीं, मध्यें तांबडा ठिपका असलेलीं. परंतु जपानी विमानांवर तांबडें सूर्यबिंब असे. घाईंत आपल्याच विमानावर आपल्याच तोफा सुटूं नयेत म्हणून या आघाडीवर तो तांबडा ठिपका काढून तेथें पांढरा किंवा फिकट निळा रंग देत. हें मीं पुस्तकांतून शोधून काढलें, आणि नातवानें तांबडे ठिपके एकेक करून निळसर केले. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेंत एक तांबडा ठिपका राहिला असता तर इतिहास खोटा झाला असता.

आषाढांत विमान पुरें झालें. टोपण त्यानें फेव्हिकॉलनें बसविलें. तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि कांचेसारख्या प्लॅस्टिकला इजा करीत नाहीं. त्याच रात्रीं मी पाणी प्यावयास उठलों. विमान कपाटावर होतें. नीट पाहावें म्हणून दिव्याजवळ नेलें, आणि ठेवतांना सदऱ्याच्या बाहींत अडकून बैठकीमागचा बिनतारी यंत्राचा खांब मोडला. केवढा? दीड सेंटिमीटर. मुलगा निजला होता. माझ्या खणांत चपला सांधण्याचा सुपरग्लू होता. एक थेंब भोंकांत सोडला, खांब उभा केला, आणि धूळ बसूं नये म्हणून वर डबा पालथा घालून, आपण मोठें चातुर्य केलें अशा समजुतीनें जाऊन निजलों.

सकाळीं टोपण आंतून पांढरें झालें होतें, हिंवाळ्यांत खिडकीच्या कांचेवर धुकें धरावें तसें. या डिंकाची वाफ दमट हवेंत पांढऱ्या पुटासारखी बसते. ती भोंकांतून विमानाच्या पोकळ पोटांत शिरून थेट बैठकीपर्यंत गेली होती. पट्टे, तबकड्या, सारें त्या पुटाखालीं. नातू बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "आजोबा, पावसाळी हवा आहे म्हणून झालं असेल का हो?"

वाचकहो, खरें सांगतों, मीं "असेल" म्हणालों. तें अगदीं खोटेंहि नव्हतें. दमट हवेचा त्यांत भाग होताच. शाळेंत असतांना एका मुलानें वहींतलें चुकीचें रूप ब्लेडनें खरवडून त्यावर बरोबर रूप लिहिलें होतें. त्यास मीं तासभर वर्गाबाहेर उभें केलें. चुकल्याबद्दल नव्हे, खरवडल्याबद्दल. तो मुलगा आतां चाळिशीपुढचा असेल. दोन दिवस तो माझ्या डोळ्यांपुढून हलेना. तिसऱ्या रात्रीं पंगतींत, सर्वांसमक्ष, मीं काय झालें तें सांगितलें. अण्णांनीं घास तसाच धरला. नातवानें एवढेंच विचारलें, "कुठला ग्लू?" मीं सांगितलें. "मग भोकातून आत गेला," तो म्हणाला, आणि हात धुवून उठला. चार दिवस विमान कपाटावरून खालीं आलें नाहीं, आणि माझ्याशीं बोलणें झालें तें कामापुरतें.

पांचव्या दिवशीं तो आला आणि म्हणाला, "आजोबा, टूथपेस्ट द्या." फेव्हिकॉलचा जोड पाण्यानें मऊ पडतो, म्हणून टोपण न फुटतां सुटलें. कानांत घालावयाच्या कापसाच्या काडीवर टूथपेस्ट घेऊन तें आंतून घांसण्याचें काम माझ्याकडे आलें. दोन दुपारी लागल्या. एक कोपरा अद्याप धुरकट आहे. तबकड्यांपैकीं तीन गेल्या त्या गेल्याच. त्यानें त्या पुन्हां काढल्या, पण पहिल्यासारख्या साधल्या नाहींत, असें तोच म्हणतो.

खर्चाची बाब लपवीत नाहीं. २०२० सालीं आपल्या सरकारनें खेळण्यांवरील आयातकर २० टक्क्यांवरून ६० वर नेला आणि २०२३ सालीं ७० वर. अशा प्रतिकृति करांच्या वर्गवारींत खेळण्यांतच मोडतात. म्हणजे अण्णांचें मत सरकारमान्य ठरलें! तें त्यांस ऐकविलें तेव्हां ते प्रसन्न झाले, आणि त्याच प्रसन्नतेंत पंचांग वाचावयाचें भिंग घेऊन त्यांनीं प्रथमच विमानांत डोकावून पाहिलें. बराच वेळ कांहीं बोलले नाहींत.

"पट्टे आहेत खरे," अखेर ते म्हणाले. "पण बसणारा कुठं आहे?"

"तो आजोबांकडे आहे," नातवानें सांगितलें.

तो माझ्याकडेच आहे. बसलेला असल्यानें पाऊण इंचाहूनहि लहान. पत्रकांत त्याच्या तोंडास गुलाबी रंग सांगितला आहे. आमचा वैमानिक भारतीय असल्यामुळें मीं निराळा मिसळून ठेवला आहे. हात थोडा कांपतो, म्हणून सकाळचा चहा घेण्यापूर्वीं बसतों. टोपी झाली आहे. डोळे अजून व्हावयाचे आहेत.