‘सॅन होजे’ची नाणी कुठे पाडली ते कळलं, मग ती कोणाची हा वाद का मिटत नाही?

नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलंबियाच्या संशोधकांनी कॅरिबियन समुद्राच्या तळातून एक तोफ, तीन नाणी आणि चिनी मातीचा एक पेला वर काढला. खोली होती सुमारे ६०० मीटर. या वस्तू ‘सॅन होजे’ या स्पॅनिश जहाजातल्या आहेत. सोशल मीडियावर ‘अब्जावधी डॉलर्सचा खजिना’ म्हणून ज्याचे व्हिडिओ फिरतात, तेच हे जहाज. खजिन्याची नेमकी किंमत कुणालाच माहीत नाही, फिरतात ते अंदाज. पण किमतीपेक्षा गुंतागुंतीचा प्रश्न वेगळाच आहे : या वस्तू मूळच्या कुठल्या, आणि ते कळल्याने त्यांचा मालक ठरतो का?

जहाज बुडालं कसं?

१७०८ साल. स्पेनच्या गादीच्या वारशावरून युरोपात युद्ध पेटलं होतं आणि लढायला पैसा लागत होता. तो यायचा दक्षिण अमेरिकेतून. पेरूकडचं सोनं-चांदी पनामाच्या पोर्तोबेलो बंदरात जमा करून सॅन होजे कार्ताहेनाकडे निघालं. ८ जूनला इंग्रज आरमाराने त्याला गाठलं. लढाईत जहाज बुडालं. जहाजावर सुमारे ६०० माणसं होती, त्यातली बोटांवर मोजण्याइतकीच वाचली. खजिन्याच्या चर्चेत हा आकडा सहसा मागे पडतो.

२०१५ मध्ये कोलंबियाने जहाज सापडल्याचं जाहीर केलं.

हे तेच जहाज, हे कशावरून?

समुद्रतळावर नावाची पाटी मिळत नाही. म्हणून संशोधकांनी नाण्यांचा आधार घेतला. रिमोटवर चालणाऱ्या पाणबुड्या यंत्राने काढलेल्या फोटोंवरून केलेला हा अभ्यास जून २०२५ मध्ये ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकात आला.

ही नाणी यंत्रावर पाडलेली नाहीत. धातूचा तुकडा कापायचा, ठशावर ठेवायचा आणि हातोडा मारायचा. त्यामुळे प्रत्येक नाण्याची कड वेडीवाकडी आणि ठसा कुठेतरी अर्धवट. जुनी शिवराई हातात घेतलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. तरीही त्यावर पुरेसं वाचता येतं. एका बाजूला क्रूस, त्याच्या चार घरांत किल्ले आणि सिंह, म्हणजे स्पेनच्या राजाची खूण. दुसऱ्या बाजूला लाटांवर उभे दोन खांब, लिमाच्या टांकसाळीचं अक्षर, सोन्याचा कस तपासणाऱ्या अधिकाऱ्याचं अक्षर आणि साल १७०७.

म्हणजे जहाज १७०७ च्या आधी बुडालेलं असूच शकत नाही. त्यात तळाशी दिसलेली कांग्शी बादशहाच्या काळातली चिनी मातीची भांडी, तोफांवरचे मजकूर आणि जुने कागद जोडले की सॅन होजेचंच नाव पुढे येतं. एकट्या नाण्याने हे सिद्ध झालं नसतं.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. नाण्यावरचा शिक्का टांकसाळ सांगतो, खाण नाही. लिमाला सोनं कुठूनही येऊ शकत होतं आणि वितळवल्यावर सगळं एकच. शिवाय राजाचा पाचवा हिस्सा चुकवण्यासाठी नोंद न केलेला मालही सर्रास जहाजावर चढायचा. कागद असला तरी तो पूर्ण नसतो.

कागद जुळले तर मात्र काम चोख होतं. १६२२ मध्ये फ्लोरिडाजवळ बुडालेल्या ‘अतोचा’ जहाजाचं उदाहरण घ्या. १९७३ मध्ये सापडलेल्या चांदीच्या विटांवरचे क्रमांक आणि वजन स्पेनमधल्या दप्तरातल्या माल-यादीशी पडताळले गेले आणि ते जुळले.

रत्नांवर तर शिक्काही नसतो. तिथे रसायनशास्त्र मदतीला येतं. पाचूमधल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं प्रमाण खाणीगणिक बदलतं. २००० साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासात जुन्या पाचूंची अशी तपासणी झाली. त्यात अतोचामधला पाचू होता आणि हैदराबादच्या निजामाच्या खजिन्यातलेही होते. निष्कर्ष असा की, अठराव्या शतकात भारतात पैलू पाडलेले बहुतेक उत्तम पाचू कोलंबियाच्या खाणीतले होते. स्पेनमार्गे आणि थेट फिलिपिन्समार्गेही ते इथे पोहोचत होते. आपण ज्याला निजामी थाट म्हणतो, त्यातलं बरंचसं हिरवेपण अँडीज पर्वतातलं आहे.

मग मालक कोण?

मूळ जितकं स्पष्ट होतं, तितके दावेदार वाढतात. स्पेन म्हणतं, हे आमच्या राजाचं लढाऊ जहाज, बुडालं तरी आमचंच. कोलंबिया म्हणतं, आमच्या समुद्रात आहे, हा आमचा वारसा. ‘सी सर्च आर्मडा’ या अमेरिकी कंपनीचं म्हणणं, जागा आम्ही १९८०च्या दशकातच शोधली होती. तिने १० अब्ज डॉलर्सचा दावा लवादापुढे नेला. आणि बोलिव्हियातला कारा कारा हा आदिवासी समाज विचारतो, चांदी पोतोसीच्या डोंगरातून खणली कोणी? ‘मिता’ या सक्तीच्या मजुरीत त्यांच्या पूर्वजांना तिथे जुंपलं होतं. आपल्याकडच्या शब्दात सांगायचं तर वेठबिगारी.

यातला शेवटचा दावा नैतिकदृष्ट्या सर्वांत वजनदार आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने बहुधा सर्वांत दुबळा. याचा दाखला ‘मर्सेडीस’ प्रकरणात आहे. १८०४ मध्ये पोर्तुगालजवळ बुडालेल्या या जहाजातून ‘ओडिसी’ या अमेरिकी कंपनीने २००७ मध्ये सुमारे १७ टन नाणी काढून फ्लोरिडाला नेली. पेरूही कोर्टात गेला. त्याचा मुद्दा साधा होता : धातू आमच्या भूमीतला आणि नाणी लिमात पाडलेली. अमेरिकी न्यायालयाने मात्र जहाज कोणाचं एवढंच पाहिलं. ते स्पेनच्या आरमाराचं होतं, म्हणून २०१२ मध्ये सगळी नाणी विमानाने स्पेनला गेली. ती आज कार्ताहेना शहरातल्या संग्रहालयात आहेत, म्हणजे स्पेनमधल्या कार्ताहेनात. कोलंबियातल्या शहराला नाव त्याच्यावरूनच पडलं.

त्यामुळे सॅन होजेची ओळख पटवणारं १७०७ हे साल दुधारी आहे. कोलंबियाच्या संशोधकांनी काढलेल्या पुराव्यानेच स्पेनच्या ‘आमचं जहाज’ या म्हणण्याला बळ मिळतं.

आता तीन नाणी प्रत्यक्ष हाती आली आहेत. फोटोवरून जे शक्य नव्हतं ते, म्हणजे धातूतले सूक्ष्म घटक तपासणं, आता करता येईल. त्यातून खाणींपर्यंतचा माग थोडाफार लागू शकतो. तो पोतोसीसारख्या डोंगरापर्यंत गेला, तर कारा कारांच्या हातात आठवणीच्या जोडीला प्रयोगशाळेचा अहवालही असेल. त्या अहवालाला जागा देणारा नियम मात्र सध्या कुठल्याच बाजूच्या वकिलाकडे नाही.