क्लास लावण्याआधी

पदवीनंतर कोणती परीक्षा? अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी शिकणाऱ्यांपुढे हा प्रश्न शेवटच्या वर्षी हमखास येतो. गेट या एम.टेक. प्रवेशपरीक्षेत त्यांच्यासाठी स्वतंत्र पेपर आहे: 3 तास, 65 प्रश्न, 100 गुण. निकाल 3 वर्षं ग्राह्य धरतात, त्यामुळे घरच्या गरजेपोटी आधी नोकरी धरलेल्यालाही पुढचं दार उघडं राहतं. वऱ्हाडातल्या कास्तकाराच्या घरात ही सवड फार मोलाची.

अमरावतीच्या विज्ञान पदवीधरांना एम.एस्सी. प्रवेशासाठी जॅम ही परीक्षा आहे, 2022पासून सीयूईटी-पीजीही.

मात्र महागडा क्लास लावण्याआधी मुलांनी जुने पेपर सोडवावेत, हे कळकळीने सांगावंसं वाटतं. गेटमध्ये एकच पर्याय निवडायचा प्रश्न चुकला तर गुण कापतात. उत्तराचा आकडा भरायच्या प्रश्नात कापत नाहीत. सराव कुठून सुरू करायचा, ते इथेच ठरतं.