मुशी खाडीत शिरते तेव्हा

परदेशात कयाक नावाची चिंचोळी होडी घेऊन समुद्रात गळ टाकायची हौस असते. गळाला मासा लागला की कधी शार्क मागे येतो, आणि मग घरी आल्यावर ती गोष्ट चवीने सांगायची!

फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मासे धरायला गेलेल्या तरुणाचा पाय शार्कने तोडला. शार्क म्हणजे आपली मुशी, कोकणातली मोरी. समुद्र सोडून ती इतकी आत कशी? तर तो बुल शार्क होता. शरीरातले मीठ टिकवता येत असल्यामुळे ही जात नदीतही शिरते, गंगेतसुद्धा सापडली आहे. म्हणून दिसेल ती मुशी मारा, असे मी म्हणणार नाही. (तशीही ती आपल्याला चावण्यापेक्षा आपणच तिला जास्त खातो.)

पण त्या माणसाचे काय? आमच्या पुणे जिल्ह्यात उसात बिबट्या निघतो. त्याने कुणाला जखमी केले तर वनखाते भरपाई देते, आणि द्यायलाच हवी. खाडीत उतरणारे बहुतेक जण पोटासाठी उतरतात. पाय गेला की जाळे, होडी, चिखल सगळेच सुटते. नियमात त्या माशाचे नाव असो वा नसो, त्यालाही तशीच भरपाई मिळाली पाहिजे. तुम्हाला काय वाटते, जरूर लिहा.