वर्षाची नोंद दोऱ्यात

रोज चाललो का, पाणी प्यायलो का, मुलांना मराठीत गोष्ट वाचून दाखवली का, या सगळ्याची नोंद आता फोन ठेवतो. माझं म्हणणं असं, की ज्या सवयी आनंदासाठी लावून घ्यायच्या, त्यांची नोंद फोनकडून काढून सुईदोऱ्याकडे द्यावी. रक्तदाबाच्या गोळ्या आणि साखरेचे आकडे फोनवरच राहू देत, तिथे अचूकपणा हवा. पण दुपारच्या उन्हात निवांत घेतलेला चहा हजेरीपटावर कशाला?

फोनचा हिशेब सलग दिवसांचा असतो. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो आणि आधीची मेहनत पुसल्यासारखी होते. आपल्या घरांतले नेम असे नव्हते. चातुर्मासात लाख वातींचा नेम धरलेली आजी रोज कापूस घेऊन बसे, पण पाहुण्यांमुळे आज राहिलं तर उद्या चार वाती जास्त वळे. महिन्याचे चार दिवस तर आपसूकच गळत. मोजत, ते झालेलं. शिवाय वाती वळणं हे हाताला आवडणारं काम होतं, आणि वळलेल्या वाती हीच त्याची नोंद.

इथे कॅनडात ‘टेम्परेचर ब्लँकेट’ विणणारे बरेच भेटतात. रोज एक ओळ, त्या दिवसाच्या तापमानाप्रमाणे लोकरीचा रंग. कल्पना सुंदर आहे, पण ३६५ ओळी म्हणजे मोठं काम. त्यापेक्षा फुलीचा टाका घ्या. १४ काउंटच्या आयडा कापडावर इंचाला १४ घरं असतात. दिवसाला एक फुली, महिन्याची एक ओळ. ३१ घरं सव्वादोन इंचांत बसतात, आणि मध्ये एकेक ओळ मोकळी सोडूनही बारा महिने पावणेदोन इंचांत. अख्खं वर्ष काडेपेटीहून जरा मोठ्या तुकड्यावर मावतं. चालण्याचा एक रंग, वाचनाचा एक, मैत्रिणीशी मनसोक्त गप्पांचा एक. ज्या दिवशी काहीच झालं नाही, ते घर तसंच सोडायचं. नंतर पाहताना त्या रिकाम्या घरांवरूनही मुलाचा ताप आठवतो, भारतातून आलेला फोन आठवतो.

सामानाच्या मोहात मात्र पडू नका. डीएमसी ही फ्रान्समधल्या म्यूलूझची, १७४६ पासूनची कंपनी. तिच्या भरतकामाच्या दोऱ्याचे ५०० रंग आहेत आणि दुकानात त्या भिंतीपुढे उभं राहिलं की सगळेच हवेसे वाटतात. तीन-चार पुरतात. एका लडीत आठ मीटर सहापदरी दोरा असतो, त्यात वर्ष सहज निघतं. दोन वीत दोरा कापायचा, एकच पदर चिमटीत धरून हळूहळू सरळ वर ओढायचा. बाकीचे पाच खाली चुरगळून गोळा होतात, गुंता झालासा वाटतो, आणि पदर सुटला की ते पुन्हा सरळ लोंबू लागतात. मग तसाच दुसरा पदर, आणि दोन्ही मिळून सुईत. घाईने दोन्ही एकदम ओढले तर खरीच गाठ बसते. या वेळात फोन हातात धरता येत नाही, आणि माझ्या मते निम्मा फायदा तिथेच आहे.

वेळ नाही, असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, की एका फुलीला दोनच टाके लागतात. हे बायकांचंच काम, असंही कुणी समजू नये; बटण लावता येणाऱ्या प्रत्येकाला हे जमतं. आणि फोनवरच्या नोंदी कुठल्या कंपनीच्या संगणकावर जातात ते आपल्याला कळत नाही. कापडावरचा निळा म्हणजे काय, हे फक्त तुम्हाला ठाऊक.

आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे, की दिवाळीच्या कार्यक्रमात पुस्तकांशेजारी एक टेबल दोऱ्यांसाठी द्यावं. मुंबई-पुण्याहून आणलेल्या अँकर कंपनीच्या लड्या कितीतरी घरांत पडून आहेत. त्या आणाव्यात, हव्या त्या न्याव्यात. फक्त लडीवरची कागदी पट्टी काढू नका. दोन कंपन्यांचे क्रमांक जुळत नाहीत. काळा डीएमसीत ३१०, तर अँकरमध्ये ४०३. आयडाचे तुकडे मी कापून आणीन.