शून्य ते सहाच्या शेजारी साठीचाही रकाना हवा

भारत तरुणांचा देश आहे, हे वाक्य खोटं नाही. देशातल्या निम्म्याहून अधिक माणसांचं वय तिशीच्या आत आहे. पण कोकणातल्या ज्या संगमेश्वर तालुक्यात मी आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली, तिथल्या कितीतरी वाड्यांना हे वाक्य लागू पडत नाही. याच वाक्याच्या भरवशावर तिथल्या म्हाताऱ्या माणसांची सोय पुढं ढकलली जाते, आणि ते मला सहन होत नाही. म्हणून लिहिते आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा देशभर सार्वत्रिक लसीकरण नुकतंच सुरू झालं होतं. खांद्याला लसींचा डबा अडकवायचा, पाखाडी चढायची, साकव ओलांडायचा आणि वाडीवर पोचायचं. पोरांना ट्रिपल, पोलिओ, गोवर. गरोदर बाईला धनुर्वाताची सुई. मग बायकांशी बोलून तांबी नाहीतर टाक्याच्या ऑपरेशनला त्यांना तयार करायचं, कारण त्याचं वर्षाचं टार्गेट असे. नोकरी संपता संपता तोच खांदा, तीच पाखाडी, पण पिशवीत बीपीचं यंत्र, शुगर तपासायच्या पट्ट्या आणि अ‍ॅम्लोडिपिनच्या गोळ्या. बाळंतपणाच्या नोंदी विरळ होत गेल्या. काही वाड्यांवर अंगणवाडीत बसवायला पोरं उरली नव्हती.

माणसं जास्त जगायला लागली म्हणून देश म्हातारा होतो, असं लोकांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. त्याहून मोठं कारण पाळणे कमी झाले, हे आहे. खाली मुलं कमी आली की वरच्या माणसांचा वाटा आपोआप वाढतो. महाराष्ट्रात आज एका बाईला सरासरी 1.7 मुलं होतात, बिहारमध्ये 3, आफ्रिकेतल्या नायजरमध्ये सहाच्या आसपास. म्हणून नायजरमध्ये निम्मी लोकसंख्या पंधरा-सोळा वर्षांच्या आतली आहे आणि पासष्टीच्या वरची माणसं शंभरात जेमतेम दोन-तीन. जपानमध्ये ती शंभरात 29 आहेत, इटलीत 24, जर्मनीत 22. भारतात सध्या सात. कोकणातल्या त्या वाड्यांवर पोरं कमी जन्मली आणि जन्मली ती जगली, यात माझ्यासारख्या सगळ्या सिस्टरांच्या पायपिटीचा वाटा आहे. त्याचा मला अभिमान आहे. पण जे काम सरकारनं आमच्याकडून करून घेतलं, त्याचा पुढचा परिणाम काय होणार हेही सरकारला तेव्हापासून ठाऊक होतं.

तिसरं कारण स्थलांतर, आणि कोकणाला ते कुणी शिकवायला नको. कतारमध्ये पासष्टीच्या वरची माणसं शंभरात दोनसुद्धा नाहीत. तिथली हवा तरुण ठेवते असं नाही. तिथली बहुतेक माणसं कामाच्या व्हिसावर गेलेली परदेशी आहेत, आणि काम संपलं की त्यांना परत यावं लागतं. ती परत येतात कुठं? केरळात येतात आणि आमच्या रत्नागिरीच्या खाडीकाठच्या गावांतही येतात. तरुणपण तिकडं जातं, गुडघेदुखी आणि मधुमेह घेऊन माणूस इकडं परततो. कतारचा तरुण आकडा आणि आमच्या गावातला म्हातारा आकडा एकाच हिशोबाच्या दोन बाजू आहेत. युरोपात बल्गेरियाचंही असंच झालं. 1980 च्या दशकाच्या शेवटी तिथं नव्वद लाखांच्या घरात माणसं होती. 2021 च्या जनगणनेत ती पासष्ट लाखांवर आली. पोरं कमी झाली आणि जी होती त्यातली पुष्कळ पश्चिमेकडं कामाला गेली. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 ला 16 लाख 97 हजार होती, 2011 ला 16 लाख 15 हजार. दर हजार पुरुषांमागं 1,122 बायका. घरातला पुरुष चाकरमानी होऊन मुंबईला, मागं सासू आणि सून. आता सूनही मुंबईला, मागं एकटी सासू. गणपती आणि शिमगा सोडला तर घराची एकच खोली उघडी असते.

म्हणजे देशाची सरासरी सात असली तरी ती सरासरी कुठल्याच एका गावाची नसते. भारताच्या पोटात नायजरसारखी गावं आहेत आणि जपानसारखीही. फरक एवढाच की जपानसारख्या गावाला जपानची व्यवस्था मिळालेली नाही.

जपानची गोष्ट श्रीमंतीची म्हणून आपण सोडून देतो. ते चूक आहे. जपाननं प्रत्येक नागरिकाला आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतन या दोन्हींच्या छत्राखाली आणलं ते 1961 मध्ये. युद्धात बेचिराख झालेला तो देश तेव्हा जेमतेम उभा राहत होता, आणि पासष्टीच्या वरची माणसं शंभरात सहाच होती. म्हणजे आज आपण जितके म्हातारे आहोत, त्याहून जपान तेव्हा तरुण होता. म्हातारपण दारात येण्याआधी त्यांनी तयारी केली. पासष्टीच्या वरच्यांचा वाटा सातवरून चौदा टक्क्यांवर जायला फ्रान्सला 115 वर्षं लागली, स्वीडनला 85. जपानला फक्त 24 मिळाली, 1970 ते 1994. दक्षिण कोरियाला तर 18. आपल्याला साधारण पाव शतक मिळेल असा अंदाज आहे, आणि ते पाव शतक सुरू झालेलं आहे.

पुढं 2000 च्या एप्रिलमध्ये जपाननं काळजी विमा सुरू केला. त्याबद्दल मी जेवढं वाचलं, तेवढी त्यातल्या बारकाव्यांनी थक्क झाले. चाळिशी गाठलेला प्रत्येक माणूस त्यात हप्ता भरतो. निम्मा खर्च करातून येतो. माणसाला रोजच्या कामांत किती मदत लागते हे पाहून सात पायऱ्या ठरवलेल्या आहेत, त्यानुसार सेवा मिळते. मुलगा आहे की नाही, त्याचा पगार किती, यावर ती सेवा मिळणं अडत नाही. सकाळी गाडी येऊन आजीला दिवसभराच्या केंद्रात नेते, संध्याकाळी आणून सोडते. जी अंथरुणातून उठूच शकत नाही, तिच्या घरी गाडीतून टब येतो आणि तीन माणसं मिळून तिला अंघोळ घालतात. मी अंथरुणाला खिळलेली माणसं पाहिली आहेत. पाठीला आणि माकडहाडाजवळ पडलेल्या जखमा धुतल्या आहेत. औषधाच्या आधी त्या माणसाला कुशीवर वळवणारे आणि कोमट पाण्यानं पुसून घेणारे हात लागतात. ऐंशीच्या नवऱ्याला पंचाहत्तरची बायको एकटी वळवू शकत नाही. एका देशानं अंघोळीलाच सार्वजनिक सेवा मानलं, याचं मोल ज्यांनी हे काम केलंय त्यांना कळेल.

तिथं सगळं आलबेल नाही. 2024 मध्ये 76 हजारांहून अधिक माणसं जपानमध्ये घरी एकटी असताना मरण पावली, त्यातली तीनचतुर्थांश पासष्टीच्या वरची. ही नोंद तिथल्या पोलिसांची आहे. पैसा आणि सेवा असूनही एकटेपण उरतं. पण निदान ते मोजतात. आमच्याकडं वाडीवर एखादी म्हातारी घरात गेल्याचं दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला कळतं, आणि त्याचा आकडा कुठल्याच कागदावर चढत नाही.

उशीर झाला तर काय होतं, ते कोरियात दिसतं. मोबाइल आणि मोटारी बनवणारा तो श्रीमंत देश, पण तिथले वृद्ध श्रीमंत देशांतल्या सर्वांत गरीब वृद्धांत मोजले जातात. सुमारे चाळीस टक्के तिथल्या दारिद्र्याच्या मापाखाली आहेत. कारण साधं आहे. राष्ट्रीय निवृत्तिवेतन सुरू झालं 1988 मध्ये. ज्यांनी कष्ट करून तो देश उभा केला, त्यांना हप्ते भरायला वर्षंच उरली नव्हती. मुलं सांभाळतील ही जुनी रीत तोवर मोडून गेली होती. आपणही आज त्याच रितीवर विसंबून बसलो आहोत.

आणि गरीब देशांना जमत नाही, असंही नाही. नेपाळनं 1995 च्या सुमारास पंचाहत्तरीच्या वरच्या माणसांना महिना शंभर रुपये द्यायला सुरुवात केली. आज तो भत्ता महिना चार हजार नेपाळी रुपये आहे, म्हणजे आपले अडीच हजार. सत्तरीच्या आसपासच्या ज्या माणसाला दुसरं सरकारी निवृत्तिवेतन नाही, त्याला तो मिळतो. उत्पन्नाचा दाखला कुणी मागत नाही. दरडोई उत्पन्नात नेपाळ आपल्या मागं आहे.

आपल्याकडं केंद्राचा वाटा 2007 पासून महिना 200 रुपयांवर थांबलेला आहे, ऐंशीच्या वर 500. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेत राज्याची भर धरून 1,500 रुपये मिळतात. हे इतर अनेक राज्यांपेक्षा बरं आहे, हे मान्य. पण त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत हवं. दिवसाला 58 रुपये. एवढ्यात कुठलं कुटुंब जगतं? मुलाचं नाव रेशनकार्डावर राहिलं, तो मुंबईत वॉचमन आहे, आईला तो महिन्याला काही पाठवतो की नाही कुणी विचारत नाही, पण त्याचा पगार धरून आईचा दाखला नाकारला जातो. असे कागद मी स्वतः भरून दिले आहेत आणि परत आलेलेही पाहिले आहेत. दाखल्याची ही अट काढून टाका. सत्तरीच्या वरच्या, दुसरं निवृत्तिवेतन नसलेल्या प्रत्येकाला पैसे द्या.

पैसे हा एक भाग झाला. हातांचं काय? आमच्या गावातली एक मुलगी जीएनएम झाली आणि आता जर्मन शिकते आहे. बी-टू पातळीची परीक्षा दिली की जर्मनीत नर्स म्हणून तिची वाट मोकळी होईल. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करारच केला आहे. त्या मुलीनं जावं. चांगला पगार आणि मान तिला मिळावा, असं मला मनापासून वाटतं. पण जर्मनी तिला पगार देऊ शकते, कारण तिथं 1995 पासून काळजी विमा आहे, वृद्धांची सेवा करणं ही तिथं पगारी नोकरी आहे. तेच काम संगमेश्वरात करायचं म्हटलं तर तिला जागाच नाही. आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर ठेवून हा प्रश्न सुटणार नाही. त्या आधीच कामागणिक मिळणाऱ्या मोबदल्यावर राबतात. गावपातळीवर काळजीवाहकाची वेगळी, पगारी, प्रशिक्षित जागा हवी. गावात राहणाऱ्या चाळिशी-पन्नाशीतल्या बायका हे काम उत्तम करतील. आजही त्या शेजारधर्म म्हणून फुकट करतातच.

जागा कुठं किती, हे ठरवायचं कशावर? इथं खरी गोम आहे. डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, असा नियम आहे. डोकी मोजतात, वय नाही. माणसं मुंबईला गेली की गावाची लोकसंख्या घटते आणि कागदावर गावाची गरजही घटते. प्रत्यक्षात उरलेली माणसं म्हातारी असल्यामुळं ती वाढलेली असते. 2011 च्या जनगणनेचं गावनिहाय कोष्टक उघडून पाहा. एकूण माणसं, स्त्री-पुरुष, शून्य ते सहा वयाची मुलं, साक्षर, काम करणारे, सगळे रकाने आहेत. साठीच्या वरची माणसं किती, हा रकाना नाही. आपल्या गावात वृद्ध किती, हे सरपंचाला जनगणनेतून कळतच नाही.

शून्य ते सहाचा रकाना आहे, कारण पोलिओचा डोस, अंगणवाडीचा खाऊ, पहिलीचा वर्ग यांचं नियोजन त्यावर होतं. मीही लसींची मागणी लहान मुलांच्या आकड्यांवरूनच लिहायची. तो आकडा होता म्हणून लस पोचली.

आता सोळा वर्षांनी जनगणना होते आहे. फेब्रुवारी 2027 मध्ये प्रगणक मोबाइल घेऊन दारात येतील. वय ते विचारणारच आहेत, नोंद थेट मोबाइलवर होणार आहे. म्हणजे साठीच्या वरच्यांची गावागावाची बेरीज वेगळी छापायला नवा प्रश्न लागत नाही आणि नवा खर्चही फारसा लागत नाही. ती छापण्याचा निर्णय मात्र आताच करून घ्यायला हवा. आमच्या आमदार-खासदारांनी तो मागावा, ग्रामसभांनी तसे ठराव करावेत. तो रकाना आला नाही, तर माझ्या जागी रुजू झालेली मुलगी 2035 सालीही शून्य ते सहाच्याच आकड्यावर मागणीपत्र लिहीत बसेल, आणि म्हाताऱ्यांचा आकडाच नसल्यामुळं कमी आलेल्या बीपीच्या गोळ्या दर महिन्याच्या वीस तारखेलाच संपतील.