परक्यांचीं मुलें सांभाळतांना

गेल्या महिन्यांत अकोल्यास धाकट्या बंधूंकडे जाण्याचा योग आला. त्यांची कन्या यंदा बी. ए.च्या शेवटच्या वर्षास आहे. मे महिन्यांत चिखलदऱ्यास भरणाऱ्या एका बालशिबिरांत मदतनीसाची जागा मिळावी म्हणून तिनें अर्ज केला होता, आणि दोन दिवसांनीं मुलाखतीसाठीं तिला अमरावतीस जावयाचें होतें. त्यावरून घरांत दोन तट पडले होते. आजीचें म्हणणें, "घरचीं पोरें सांभाळायला कुणाला सवड नाहीं, आणि ही पगार घेऊन लोकांचीं सांभाळणार!" असे प्रसंग आतां पुष्कळ घरीं येतात, म्हणून त्या संध्याकाळचें बोलणें वाचकांपुढें ठेवितों.

मुलगी मोबाईलवरून उतरून घेतलेलीं उत्तरें पाठ करीत होती. "मला मुलें फार आवडतात, मी कष्टाळू आहें," इत्यादि वाक्यें तिनें घडाघडा म्हणून दाखविलीं. आम्हीं विचारलें, "उन्हांत खेळतां खेळतां एखादा मुलगा बरळूं लागला, तर काय करशील?" ती गप्प झाली.

"काका, असें विचारतील?"

"विचारोत, न विचारोत, तुला ठाऊक हवें. अंग तापून मूल असंबद्ध बोलूं लागलें, तर तो उष्माघात समजावा. त्यास ताबडतोब सावलींत न्यावें, अंग ओलें करून वारा घालावा आणि डॉक्टरांना बोलवावें. शुद्ध नसेल तर तोंडांत पाणी घालूं नये."

नंतर आम्हीं म्हणालों, "अमरावतीस जातेस, तर तेथील श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आठव. वैद्य बंधूंनीं तें १९१४ सालीं स्थापिलें, आणि १९३६ सालीं ऑलिंपिकच्या वेळीं त्याच्या पथकानें बर्लिनला देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं. असें कौशल्य पहिल्या दिवशीं येत नाहीं. नवा मुलगा मल्लखांबावर चढतो, तेव्हां खालीं कुणीतरी हात पुढें करून उभा असतो. त्याला टाळ्या मिळत नाहींत. पण मुलावरची नजर त्याला क्षणभरहि काढतां येत नाहीं. शिबिराचा मदतनीस म्हणजे तो खालचा माणूस. मुलाखत घेणाऱ्यांना तोच हवा असतो."

दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. "एखादी मुलगी रडत म्हणाली, 'ताई, एक गोष्ट सांगतें, पण कुणाला सांगूं नका,' तर?"

"वचन देईन," ती चटकन् म्हणाली.

"तेंच देऊं नये. 'तुझ्या भल्यासाठीं कुणाला सांगावें लागलें, तर सांगेन. पण तुला एकटी सोडणार नाहीं,' असें म्हणावें. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचें कळूनहि तें न कळविणें हा २०१२ च्या पॉक्सो कायद्यानें गुन्हा आहे."

बराच वेळ ती बोलली नाहीं. मग हळूच म्हणाली, "काका, तुमची कधीं चूक झाली का, असें विचारलें तर? नरनाळ्याचें सांगूं नको ना?"

गेल्या वर्षीं घरचीं सारीं मुलें घेऊन ती नरनाळा किल्ल्यावर गेली होती. परततांना सहा वर्षांचा पुतण्या मागें तळ्यापाशींच राहिला. अर्ध्या तासानें तो सांपडला. पण तो अर्धा तास घरांत कुणी विसरलेलें नाहीं.

आम्ही उत्तर देण्यापूर्वींच माजघरांतून आजी बोलल्या, "सांग, अवश्य सांग. आणि त्या दिवसापासून पंगतींतसुद्धां पोरें मोजल्याशिवाय तूं पानावर बसत नाहींस, हेंहि सांग. ज्याच्या हातून कधीं कांहीं चुकलें नाहीं असें जो म्हणतो, त्याच्या हवालीं मी तर माझें नातवंड करणार नाहीं."

याहून अधिक चांगलें उत्तर आम्हांसहि सुचलें नसतें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मुलींस हें शिक्षण न कळत मिळालेलें असतें. तें लपवून पाठ केलेलीं वाक्यें पुढें करणें, म्हणजे घरचें तूप झांकून ठेवून पाहुण्याला बाजारचें वाढणें होय.

मुलाखतीच्या दिवशीं सकाळीं आजींनींच तिच्या हातावर दहीं घातलें. मुलगी नमस्कार करून निघाली, तेव्हां दारापर्यंत जाऊन त्या म्हणाल्या, "तुला विचारतील, तसें तूंहि त्यांना विचार हो: किती पोरांमागें एक माणूस ठेवतां, आणि रात्रीं जागें कोण असतें?"