पिनकोडाला ६०७ने भाग देऊन बघा

रविवारी जेवणं आटोपली की मुलांना वही घेऊन बसवा. तुम्हीही बसा. वहीत आपल्या पत्त्यातला शेवटचा आकडा लिहा: ४०००१३. लोअर परळ-डिलाइल रोडच्या माणसाने हा आकडा रेशनकार्डापासून लग्नपत्रिकेपर्यंत शंभरदा लिहिलेला असतो. त्याच्याकडे निवांत कोण बघतो?

आधी त्याचा अर्थ सांगा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. ती पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्यातलेच. टपाल खात्यातले मोठे अधिकारी, आणि संस्कृत कवीसुद्धा. पहिले तीन अंक मुंबईचे, पुढचे तीन आपल्या पोस्टाचे.

मग अंकांची बेरीज करा. आठ येते. कोणीतरी म्हणेलच, आठ म्हणजे शनी. हसून सोडून द्या. त्यापायी शांतीबिंतीवर पैसे घालवू नका.

अंकांची बेरीज दत्तात्रय रामचंद्र कापरेकरही करत. ते देवळालीला शाळामास्तर होते. पण ते करत आनंदासाठी. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटलं. आपली संख्या विषम, तिला आठाने भाग जायचा नाही. दादरची ४०००१४ मात्र हर्षद आहे. बेरीज नऊ, भागाकार ४४४४६. मिरवू द्या दादरकरांना.

आता मुलांना विचारा, आपल्या आकड्याला कशाने भाग जातो? तीनने नाही. सातने नाही. अकरा, तेरा, सतरा, प्रत्येक वेळी बाकी उरते. मुलं कंटाळून म्हणतील, ही मूळ संख्याच आहे. लगेच मान्य करू नका. ६३२पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे, कारण ६३३चा वर्ग आपल्या आकड्याच्या पुढे जातो. दोनपासून सुरुवात केलीत तर ११० मूळ संख्या हात हलवत परत जातात. एकशे अकरावी ६०७. तिने भाग जातो!

६०७ × ६५९ = ४०००१३.

गुणाकार दोन मिनिटांचा. फोड करायला अख्खी दुपार. बँकेच्या संकेतस्थळांची कुलपं बनवायची एक नावाजलेली रीत याच अवघडपणावर उभी आहे. फक्त तिथली संख्या सहा अंकी नसते, ६१७ अंकीसुद्धा असते.

ते कुलूप फोडत चोर बसत नाही. तो तुम्हालाच फोन करतो आणि गोड बोलून सहा आकडे विचारतो. ओटीपी कोणालाही सांगू नका. बँकेतून बोलतोय म्हणाला तरी नाही. घरच्या म्हाताऱ्या माणसांनाही हे दोनदा सांगा.

आणि यूपीआयचा सहा अंकी पिन म्हणून कोणी ४०००१३ ठेवला असेल, तर वही मिटायच्या आधी बदला. पत्ता ठाऊक असलेला माणूस पहिला तोच दाबून बघेल. जन्मतारीखही नको.

चुकून आकडे सांगून बसलात, तर लाजून गप्प राहू नका. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन लावा, मग बँकेला. घरच्यांना नंतर सांगितलं तरी चालेल.